राखेचे मोल आणि मोजमाप

सुरत या नगरीचे नाव मराठी वाचकाच्या कानांवर प्रथम पडते ते शाळेतील इतिहासाच्या पुस्तकातून. १६६४ आणि १६७० या दोन सालांशी ते नाव आमच्या मनात कायमचे जोडले गेले आहे. तापीकाठच्या या बंदरात देशोदेशींचे द्रव्य येऊन साठत होते आणि म्हणूनच शिवाजी महाराजांची दृष्टी तिकडे वळली, एवढे प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असते. आज त्या दिशेने घोडदळ जात नाही. खानदेशातून निघालेल्या आगगाड्या जातात. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसे त्यांतून उतरतात, उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत संसार थाटतात आणि यंत्रमागांवर व रंगाईच्या कारखान्यांत राबतात. सुरतेच्या संपत्तीविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही आज लिहिणार आहोत ते तेथील टाकाऊ वस्तूंविषयी. भंगारात गेलेल्या ॲल्युमिनियमविषयी आणि उसाच्या चिपाडाच्या राखेविषयी. या दोन टाकून दिलेल्या वस्तू एकत्र आणून एक बळकट धातू घडविता येईल काय, असा प्रश्न धातुशास्त्रज्ञ दीर्घकाळ विचारीत आले आहेत. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी होकारार्थी आहे. मग चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटूनही ही विद्या प्रयोगशाळेचा उंबरठा ओलांडून ओतकामाच्या भट्टीपर्यंत म्हणावी तशी का पोचली नाही, हा आमच्या मते खरा प्रश्न आहे.

आमच्या घरांत ॲल्युमिनियमला अजूनही ‘जर्मन’ म्हणतात. जर्मनचा टोप, जर्मनचे झाकण, जर्मनची किटली, हे शब्द प्रत्येक गृहिणीच्या तोंडी आहेत. स्वस्त आणि हलका म्हणून या धातूला आम्ही तांब्यापितळेच्या खालचे पान दिले. वास्तविक त्याच्या जन्माची कथा फार खर्चिक आहे. १८२५ साली डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी तो प्रथम वेगळा काढला, तेव्हा व पुढे कित्येक वर्षे तो सोन्याचांदीच्या पंक्तीत बसत असे. १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी विजेच्या साहाय्याने तो काढण्याची रीत शोधली, तेव्हा कोठे तो सामान्यांच्या आवाक्यात आला. तथापि विजेचा तो खर्च आजही सुटलेला नाही. एक टन ॲल्युमिनियमसाठी सुमारे चार टन बॉक्साइट खणावे लागते, त्याचे सुमारे दोन टन ॲल्युमिना होते, आणि त्यातून धातू काढण्यास चौदा हजार युनिटांच्या आसपास वीज जळते. हे बॉक्साइट कोठून येते, हे सह्याद्रीच्या माथ्यावरील सडे पाहिलेल्यांस सांगावयास नको. कोल्हापूर जिल्ह्यातील दुर्गमानवाडसारख्या ठिकाणचे खनिज बेळगावच्या कारखान्यात जाते आणि तेथे त्याचे ॲल्युमिना होते. मागे उरतो तो लाल चिखल, ज्याचे काय करावे हे कोडे जगभरात अद्याप पुरतेपणी सुटलेले नाही.

आता याच्या उलट बाजू पाहावी. जुने ॲल्युमिनियम वितळवून नवे करण्यास, मूळ धातू काढण्यास लागणाऱ्या ऊर्जेच्या अवघी पाच टक्के ऊर्जा पुरते. ६६० अंश सेल्सियसला हा धातू वितळतो. डोंगर फोडावा लागत नाही, लाल चिखल साचत नाही. दारावर येणारा भंगारवाला जुने टोप, मोडक्या खिडक्यांच्या चौकटी आणि गाडीचे फुटके भाग तराजूत घालतो, तेव्हा तो देशाची वीजच वाचवीत असतो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. आपला देश आज परदेशांतूनही दरवर्षी दहा लाख टनांहून अधिक ॲल्युमिनियमचे भंगार विकत घेतो. ही वस्तू इतकी मोलाची असेल, तर तिच्यावर अधिक विचार होणे अगत्याचे आहे.

परंतु भंगाराला एक मोठे व्यंग आहे. त्याला कूळ राहात नाही. खिडकीची चौकट एका जातीच्या मिश्रधातूची, इंजिनाचा दट्ट्या दुसऱ्या जातीचा, विजेची तार जवळजवळ शुद्ध. आणि हे सारे एकाच मुशीत जाते. त्यासोबत लोखंडी स्क्रू, पितळी चकत्या, रंगाचे थरही जातात. यांतील लोखंड हा सर्वांत मोठा शत्रू. ते एकदा ॲल्युमिनियममध्ये विरघळले की सहज निघत नाही. धातू थिजताना ते सिलिकॉनशी हातमिळवणी करून सुईसारखे अणकुचीदार स्फटिक बनविते. हे स्फटिक धातूच्या अंगात काट्यासारखे रुतून बसतात आणि ताण पडला की तडा नेमका तेथूनच जातो. प्रत्येक पुनर्जन्मात धातू असा थोडाथोडा हिणकस होत जातो आणि शेवटी कमी योग्यतेच्या वस्तूंपुरताच उरतो.

या व्यंगावर धातुशास्त्राने उपाय शोधले आहेत. थोडे मँगनीज घातले असता लोखंडाच्या त्या सुयांचा आकार पालटतो, त्या वळणदार होतात व त्यांची धार कमी होते. किंचित स्ट्राँशियम घातले की सिलिकॉनचे जाड पत्रे मोडून बारीक तंतू होतात. टिटॅनियम आणि बोरॉन यांच्या अल्प मात्रेने धातूचा कण बारीक पडतो. या मात्रा वैद्याच्या पुडीसारख्या असतात. शंभरात एखादा भाग, कधी हजारात एखादा. आयुर्वेदाच्या परंपरेत वाढलेल्या वाचकांना यात नवल वाटू नये. आमच्या पूर्वजांनी चुन्यात गूळ आणि हिरडा घालून वाडे आणि किल्ले बांधले, तेही याच बुद्धीने. मुख्य द्रव्यात अल्प प्रमाणात दुसरे द्रव्य घालून त्याचा स्वभाव पालटणे ही कल्पना पुरातन आहे.

राखेची कल्पना याच्या पुढची पायरी आहे. येथे घातलेले द्रव्य धातूत सर्वस्वी विरघळून जावे अशी अपेक्षा नसते. त्याचे कठीण कण धातूत सर्वत्र विखरून राहावेत असा हेतू असतो. अशा पदार्थाला संमिश्र म्हणतात. कोकणात मातीच्या भिंतीसाठी चिखलात भाताचे तूस आणि गवत कालवीत असत, तेव्हा गवंडी हेच करीत होता. मऊ धातूला कठीण कणांचा आधार मिळाला की तो झिजण्यास आणि वाकण्यास विरोध करतो. प्रगत देशांत यासाठी सिलिकॉन कार्बाइड किंवा ॲल्युमिना यांची तयार पूड वापरतात. पण ती महाग पडते. येथे राख पुढे येते. भाताच्या वजनाचा सुमारे पाचवा भाग तूस असतो, तूस जाळले की त्याच्या सुमारे पाचव्या भागाइतकी राख उरते, आणि त्या राखेत शेकडा ८५ ते ९५ भाग सिलिका असते. ही सिलिका कठीण असते, हे आमच्या घरांतील बायकांना रसायनशास्त्र न शिकताही माहीत होते. म्हणूनच त्या राखेने भांडी घाशीत, आणि म्हणूनच तुसाच्या राखेची दंतमंजने निघाली. उसाच्या चिपाडाच्या राखेतही सिलिका हाच मुख्य घटक आहे. त्याच्या जोडीला ॲल्युमिना, लोहाची भस्मे, चुना आणि पोटॅश असतात.

हा विचार परदेशातून आयात केलेला नाही, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते. प्रदीप रोहतगी या भारतीय धातुशास्त्रज्ञाने वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये कण ढवळून ओतकाम करण्याच्या विद्येत जगात अग्रगण्य काम केले. १९८२ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी नारळाच्या करवंटीचा कोळसा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूत मिसळून केलेल्या संमिश्राचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्या परसात पडणारी करवंटी! पुढे औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेवरही असेच काम झाले. त्यानंतर देशातील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून तूस, चिपाड, करवंटी, शेंगांची टरफले यांच्या राखांवर प्रबंधांमागून प्रबंध लिहिले गेले. बहुतेकांचा निष्कर्ष ढोबळमानाने एकच आहे. वजनाच्या पाच-दहा टक्क्यांपर्यंत राख नीट मिसळली तर धातूचा कठीणपणा व झीज सोसण्याची शक्ती वाढते आणि वजन थोडे घटते; त्यापुढे गेले की कणांचे पुंजके होतात, धातूत पोकळ्या राहतात आणि मिळविलेले बळ हातचे जाते. लवचिकपणा तर पहिल्यापासूनच कमी होतो. हा सौदा आहे. फुकटचा लाभ नव्हे.

मग सुरतच का? कारण हे सारे साहित्य तेथे एका दिवसाच्या फेरीत गोळा होते. शहरात लाखो यंत्रमाग आहेत आणि त्यांचे सुटे भाग सतत झिजत, मोडत व बदलत असतात. भंगार आहे, भट्ट्या आहेत, ओतकाम करणारे हात आहेत. आणि शहराच्या पूर्वेस बारडोली, मढी, चलथाण असा उसाचा पट्टा पसरला आहे. बारडोलीचे नाव घेताना आमच्या पिढीचा आवाज थोडा बदलतो. १९२८ साली शेतसारावाढीविरुद्ध तेथील शेतकरी उभे राहिले आणि वल्लभभाई पटेल सरदार झाले. त्याच बारडोलीत १९५५ साली सहकारी साखर कारखाना स्थापन झाला आणि आशियातील मोठ्या सहकारी कारखान्यांत त्याची गणना होऊ लागली. एक टन ऊस गाळला की सुमारे पावणेतीनशे किलो चिपाड उरते. कारखान्यांच्या भाषेत त्याला बगॅस म्हणतात. त्यात निम्मे पाणी असते. ते बॉयलरखाली जळते, त्यावर वीज व वाफ होते, आणि शेवटी शंभर भाग सुक्या चिपाडामागे दोन-तीन भाग राख मागे राहते. दहा लाख टन ऊस गाळणाऱ्या कारखान्याच्या बॉयलरखाली एका हंगामात तीन-चार हजार टन राख उरते, असा हा ढोबळ हिशेब आहे.

या हिशेबात एक माणूस मात्र नेहमी गळतो. हा ऊस तोडतो कोण? डांगमधील आणि खानदेशातील आदिवासी जोडपी दरवर्षी मुलाबाळांसह तेथे जातात. तोडणाऱ्या जोडीलाच तेथे ‘कोयता’ म्हणतात. माणसाचे नाव जाऊन हत्याराचे नाव उरते. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी बारडोलीच्या या स्थलांतरित मजुरांवर १९७८ साली लिहिलेला लेख अभ्यासकांत सुपरिचित आहे. सहकाराचे फळ बांधावरच्या शेतकऱ्याला मिळाले, फडातल्या मजुराला नाही, हे त्याचे सार. उद्या चिपाडाच्या राखेलाही भाव आला, तर त्या भावातील एक पैसाही कोयत्यापर्यंत पोचणार नाही, अशीच जुनी चाल राहिली तर! म्हणून राखेचे मोल ठरविताना प्रारंभीच हा वाटा ठरला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

राख घालण्याची कृती ऐकावयास सोपी वाटते. धातू सातशे ते साडेसातशे अंशांपर्यंत तापवावा, पंख्याने ढवळून त्यात भोवरा निर्माण करावा आणि त्या भोवऱ्यात चाळलेली राख हळूहळू सोडावी. परंतु राख हलकी असते, ती वर तरंगू पाहते. पाणी जसे कमळाच्या पानाला चिकटत नाही, तसा वितळलेला धातू राखेच्या कणाला सहजी भिजवीत नाही. त्यासाठी सुमारे एक टक्का मॅग्नेशियम घालावे लागते. राख आधी भाजून तिच्यातील ओल आणि उरलेला कोळसा घालवावा लागतो. ओल राहिली तर मुशीत स्फोटाचे भय. कोळसा राहिला तर त्याहून छुपे संकट. तो धातूशी संयोग पावून ॲल्युमिनियम कार्बाइड होऊ शकतो आणि हे द्रव्य दमट हवेत हळूहळू कुजते. कोरड्या हवेतील प्रयोगशाळेत उत्तीर्ण झालेला तुकडा सुरतेच्या, किंवा आपल्या मालवण-वास्कोच्या, खाऱ्या पावसाळी हवेत दोन वर्षांनी काय अवस्थेत असेल, याची परीक्षा म्हणूनच अनिवार्य आहे. धातू आणि कण यांच्या सीमेवर खारे पाणी आधी वार करते, हे जाणकार सांगतात. ट्रॉलरच्या मालकाला प्रबंधातील आलेखाशी कर्तव्य नसते. त्याला तिसऱ्या पावसाळ्याशी असते.

येथे आम्ही मूळ मुद्द्यावर येतो. आमच्या भाषेत ‘हीण’ असा एक शब्द आहे. सोनार सोन्यात दुसरा धातू मिसळतो. तो किती मिसळला हे सांगून मिसळला तर ती कारागिरी. न सांगता मिसळला तर ते हीण. क्रिया एकच, फरक मोजमापाचा आणि प्रामाणिकपणाचा. भंगाराच्या ॲल्युमिनियममध्ये राख घालण्याचे हेच आहे. मोजून, चाळून, भाजून, तपासून घातली तर ते संमिश्र. वजन वाढविण्यासाठी डोळे झाकून घातली तर ती भेसळ. आणि आजच्या बाजारात या दोहोंतील भेद ओळखण्याचे साधन गिऱ्हाइकाच्या हाती नाही. चाळीस वर्षे ही विद्या उंबरठ्याच्या आत राहिली याचे मुख्य कारण, आमच्या मते, शास्त्राची उणीव हे नसून मोजमापाची उणीव हे आहे. एका प्रबंधातील राख दुसऱ्या प्रबंधातील राखेसारखी नसते. ऊस कोणत्या जमिनीतला, बॉयलर किती तापलेला, चिपाडात माती किती, यावर राखेचा स्वभाव बदलतो. ज्या मालाचा स्वभाव दर गाडीगणिक बदलतो त्यावर कोणता कारखानदार आपले नाव पणाला लावील?

या प्रश्नाला जोडूनच तीन धोके आहेत आणि त्यांविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. पहिला धोका स्वयंपाकघराचा. हिशेब नसलेल्या भंगारात शिसेही असू शकते, आणि गावठी भट्टीत ओतलेल्या अशा भांड्यांतून ते अन्नात उतरते, हे आफ्रिकेतील कॅमेरूनसारख्या देशांतील तपासण्यांत दिसून आले आहे. आंबट कढी जर्मनच्या भांड्यात ठेवू नये, असे आमच्या आजीबाई सांगत. त्या उगाच सांगत नसत. आपल्याकडे २०२४ साली ॲल्युमिनियमच्या भांड्यांना भारतीय मानक संस्थेचे आयएसआय चिन्ह बंधनकारक करण्याचा निर्णय झाला, ही स्वागतार्ह गोष्ट होय. राखमिश्रित धातूचा एक तोळाही भांड्यांत जाता कामा नये, ही लक्ष्मणरेषा असली पाहिजे.

दुसरा धोका कामगाराच्या छातीचा. फार उष्णतेत जळलेल्या राखेतील सिलिका स्फटिकरूप होते आणि तिची धूळ फुप्फुसात जाऊन बसते. सुरतेपासून फार दूर नसलेल्या खंभात येथे अकीक घासणाऱ्या कारागिरांची सिलिकोसिसने काय दशा केली, ते सर्वश्रुत आहे. टाकाऊ वस्तूला मोल देण्याच्या भरात माणूस टाकाऊ ठरू नये. तिसरा धोका पुढच्या पिढीचा. राख मिसळलेला भाग उद्या स्वतःच भंगारात जाईल. तो साध्या भंगारात मिसळला तर त्यातील कण वेगळे काढणे खर्चाचे आणि कटकटीचे होईल. म्हणजे आजचा उपाय उद्याचे व्यंग ठरण्याची भीती. अशा प्रत्येक वस्तूवर ठळक खूण असावी आणि ती वेगळी परत घेण्याची व्यवस्था असावी, हे ओघानेच आले.

हे धोके वाचून कोणी म्हणेल की मग हा उपद्व्याप हवाच कशाला? याचे उत्तर खुद्द सुरतेनेच दिले आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भीतीने हे शहर रिकामे झाले. लाखो माणसे, त्यांत आपले खानदेशी बांधवही, मिळेल त्या गाडीने पळाली. कचऱ्याने शहराचा घात केला होता. १९९५ साली एस. आर. राव हे महापालिका आयुक्त झाले आणि अल्पावधीत त्या शहराने आपली कळा पालटली. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरतेने इंदूरच्या बरोबरीने देशात पहिला क्रमांक मिळविला. २०१४ साली बमरोली येथे सांडपाणी शुद्ध करून पांडेसऱ्याच्या कारखान्यांना विकण्याची योजना सुरू झाली. तिची क्षमता रोज चार कोटी लिटर. आणि २०२२ साली हजिरा येथे पोलाद कारखान्याच्या मळीपासून, म्हणजे स्लॅगपासून, सुमारे एक किलोमीटरचा सहा पदरी रस्ता तयार झाला. अवजड मालमोटारी त्यावरून धावू लागल्या.

हा शेवटचा दाखला आमच्या विषयाला अगदी लागू आहे. पोलादाची मळीही कित्येक दशके टाकाऊच होती. ती रस्त्याखाली गेली ती कोणा एकाच्या उत्साहाने नव्हे. पोलाद मंत्रालयाने प्रश्न हाती घेतला, केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने मळीवर प्रक्रिया कशी करावी, ती किती जाड पसरावी याची मोजमापे ठरविली, कारखान्याने माल दिला आणि प्रत्यक्ष वाहतुकीखाली त्याची परीक्षा झाली. प्रयोगशाळा, उत्पादक, वापरणारा आणि शासन हे चौघे एका जागी बसले, तेव्हा मळीचा रस्ता झाला. ॲल्युमिनियम आणि राख यांच्या बाबतीत हे चौघे अद्याप चार दिशांना आहेत.

त्यांना एकत्र आणणे अशक्य आहे काय? सुरतेतच १९६१ साली स्थापन झालेली, सरदारांचेच नाव धारण करणारी राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे. नागपूरजवळ वाडी येथे १९८९ पासून जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्र आहे. साखर कारखाने सहकारी आहेत, म्हणजे निदान कागदोपत्री तरी लोकांचे आहेत. आमच्या सूचना साध्या आहेत. सचिन किंवा पांडेसरा येथील औद्योगिक वसाहतीत लहान ओतकाम करणाऱ्यांसाठी एक सामाईक तपासणीगृह असावे, जेथे भंगाराची जात आणि ओतलेल्या धातूचे घटक अल्प शुल्कात पाहून मिळतील. साखर कारखान्यांनी राख ढिगाने न फेकता तिची प्रत लावावी. सिलिका किती, कोळसा किती, कणाचा आकार कोणता, हे पोत्यावर छापावे. भारतीय मानक संस्थेने अशा संमिश्रासाठी निश्चित मानक तयार करावे आणि ते कोठे चालेल व कोठे चालणार नाही याची यादी द्यावी. प्रारंभ मागाची पुली, यंत्राचे आवरण, कंस अशा वस्तूंपासून व्हावा, जेथे झीज हा मुख्य शत्रू आहे आणि मोडले तरी कोणाच्या जिवावर बेतत नाही. गाडीच्या ब्रेकसारखी जोखमीची कामे तूर्त दूर ठेवावीत. भट्टीवरच्या कामगाराला मुखपट्टी आणि धूळ ओढून घेणारा पंखा मिळाल्याखेरीज परवानाच देऊ नये. आणि राखेच्या विक्रीतून ठरावीक हिस्सा ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या शाळा-वसतिगृहांसाठी बाजूला पडावा.

येथे अतिआशाही नको. एक लाख टन ओतकामात पाच टक्के राख गेली तरी ती पाच हजार टनच होते. म्हणजे एकदोन मोठ्या कारखान्यांची एका हंगामाची राख. देशातील राखेचे डोंगर याने हलणार नाहीत. यातील लाभ राखेचा विल्हेवाट म्हणून नाही, तर भंगाराच्या धातूची योग्यता वाढविण्याचा आहे. तो लाभही काही थोडा नव्हे. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून आयात होणाऱ्या ॲल्युमिनियमसारख्या मालावर त्याच्या निर्मितीत हवेत गेलेल्या कर्बवायूंचा भार आकारण्यास प्रारंभ केला आहे. ज्या धातूला पाच टक्केच ऊर्जा लागते, त्याची किंमत अशा जगात वाढतच जाणार.

आणि हा विषय केवळ सुरतेचा नाही. रत्नागिरीत ॲल्युमिनियमचा मोठा कारखाना येणार म्हणून एके काळी जमिनी संपादित झाल्या. कारखाना आला नाही. गोव्यातील धारबांदोड्याच्या संजीवनी साखर कारखान्याचे गाळप २०१९-२० पासून थांबले आणि तेथील ऊस उत्पादकांची परवड झाली. मोठ्या प्रकल्पाची वाट पाहण्यात किनारपट्टीच्या दोन पिढ्या गेल्या. भंगार, तूस आणि करवंटी यांना मात्र कोणाची वाट पाहावी लागत नाही. ती प्रत्येक गावात आहेत. आपल्या औद्योगिक वसाहतींतील ओतकाम करणाऱ्यांनी आणि तंत्रनिकेतनांनी एकत्र बसून एखादी साधी वस्तू निवडावी, ती मोजून-मापून घडवावी आणि दोन पावसाळे खाऱ्या वाऱ्यावर टांगून ठेवावी. तिचा निकाल जो येईल तो, चांगला वा वाईट, जाहीर करावा. अयशस्वी प्रयोगाचा खरा अहवालही उद्याच्या ओताऱ्याच्या उपयोगी पडतो. दडविलेला अहवाल कोणाच्याच नाही.

सुरतेने कचरा, सांडपाणी आणि पोलादाची मळी यांना क्रमाने कामाला लावले. आता चौथी पाळी राखेची आहे. ती हीण म्हणून धातूत शिरणार की मोजून घातलेले बळ म्हणून, हे ठरविण्याचे काम शास्त्रज्ञांचे जेवढे आहे तेवढेच मानक करणाऱ्यांचे, कारखानदारांचे आणि भांडे विकत घेताना तळाशी चिन्ह आहे की नाही ते पाहणाऱ्या तुम्हा-आम्हा गिऱ्हाइकांचे आहे. सरकारने, सहकाराने आणि तंत्रसंस्थांनी येत्या गाळप हंगामापूर्वी एक बैठक बोलावली, तरी सुरुवात झाली असे आम्ही समजू.